मुंबईच्या दमट हवेत घर्षणाने विस्तव: माझा अनुभव

जंगलात तग धरायला लागणारी बरीचशी कामं मुंबईत, सोसायटीच्या गच्चीवर बसून शिकता येतात. त्यातलं सगळ्यात अवघड काम, काठीवर काठी घासून विस्तव पाडणं, तर इथेच शिकावं असं माझं ठाम मत आहे. इथली हवा दमट. या हवेत ज्याला विस्तव पाडता आला, त्याला सह्याद्रीतल्या कोरड्या थंडीत काहीच जड जात नाही.

आधी जागेचं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आग पेटवणं, फांदी तोडणं, वाळकं लाकूड उचलून आणणं, काहीही चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ तिथे लागू आहे आणि तो पाळायलाच हवा. सराव मी गच्चीवर करतो, सोसायटीची परवानगी घेऊन. घमेल्यात चार बोटं ओली रेती, शेजारी पाण्याची बादली. मोठी चूल पेटवायची असेल तर कर्जत, मुरबाड, शहापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, भातकापणी झालेल्या मोकळ्या खाचरात. फेब्रुवारीनंतर डोंगरउतारावरचं गवत कडकडीत वाळतं. तेव्हा उघड्यावर विस्तव पाडायचाच नाही.

लाकूड विकत घ्यावं लागत नाही. पावसाळ्याआधी पालिका रस्त्याकडेची झाडं छाटते, तेव्हा फुटपाथवर फांद्यांचे ढीग पडलेले असतात. छाटणाऱ्यांना विचारून त्यातल्या पांगारा, सावर, शेवगा यांच्या मनगटाएवढ्या फांद्या मी घेतो. हलकं, मऊ, चीक किंवा राळ नसलेलं लाकूड हवं. वाळल्यावर नख दाबलं की खूण उठली पाहिजे, पण लाकडाचा भुगा होता कामा नये. सावरीचं लाकूड आगपेटीच्या काड्यांना वापरतात, यावरूनच त्याचा गुण कळावा. कण्हेरीला हात लावू नका, तिचा धूरही विषारी असतो. रुईच्या वाखाची दोरी उत्तम होते, पण ओल्या रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

सगळा खेळ वाळवण्याचा आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल तर सावलीत वाळलेलं लाकूडही स्वतःच्या वजनाच्या साधारण ११ टक्के पाणी धरून बसतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे जुलैमध्ये गॅलरीत महिनोन्‌महिने टांगून ठेवलं तरी लाकूड वाळणार नाही. मी साल काढून फांद्या उभ्या चिरतो, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हात ठेवतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करतो. लागोपाठ दोनदा वजन तेवढंच भरलं की झाकणाच्या हवाबंद डब्यात. काटा नसेल तर चिरलेली बाजू गालाला लावून पाहा. गार लागली की ओल आहे.

आता साधन. जुन्या सुतारांचा कमानीचा सामता (भोक पाडायचं साधन) पाहिला असेल तर रचना लगेच कळेल: कमानीच्या दोरीचा वेढा दांडीला घालायचा, कमान मागेपुढे ओढली की दांडी फळीवर फिरते. यज्ञातल्या अरणीमंथनाचं तत्त्वही हेच. फळी दीड ते दोन सेंटीमीटर जाड, पाच सेंटीमीटर रुंद, वीतभर लांब. दांडी वीतभर, अंगठ्याएवढी जाड आणि अगदी सरळ. खालचं टोक बोथट गोलसर, वरचं पेन्सिलीसारखं. कमान म्हणजे काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत लांबीची किंचित वाकडी, न लवणारी काठी. तिला चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला सैल-घट्ट करता येईल अशी. काथ्याचा सुंभ इथे लावू नका, घासून लगेच तुटतो. वरून दाबायला बाभळीचा किंवा सागाचा मुठीत मावणारा ठोकळा, त्यात करवंटीचा तुकडा बसवलेला. करवंटी गुळगुळीत आणि कठीण, त्यामुळे वर घर्षण कमी होतं आणि सगळी उष्णता खाली तयार होते. खोबरेल तेलाचा थेंब फक्त वरच्या टोकाला. ते टोक चुकून खाली लावलं की तेल खोबणीत उतरतं आणि ती जागा वाया जाते, म्हणून वरच्या टोकाला मी खूण करून ठेवतो.

फळीच्या कडेपासून एक-दीड सेंटीमीटर आत छोटा खड्डा कोरायचा, दांडी फिरवून तो काळा होऊ द्यायचा, आणि मग कडेकडून खाच पाडायची. खाच खड्ड्याच्या वर्तुळाचा आठवा भाग कापणारी, टोक मध्यापर्यंत जेमतेम पोचणारं. अरुंद राहिली तर भुकटी गुदमरते, रुंद झाली तर भुकटी पसरून गार होते. खाचेखाली पत्रावळीचा कोरडा तुकडा ठेवायचा. जमिनीची ओल भुकटीत चढत नाही आणि निखारा उचलायलाही तोच कामी येतो.

डावा पाय फळीवर, खाचेला चिकटून. उजवा गुडघा जमिनीवर. ठोकळा धरलेल्या डाव्या हाताचं मनगट नडगीला घट्ट टेकवायचं. ते सुटं राहिलं की दांडी डोलते, उडते आणि माणूस चिडतो. शिकवताना मी आधी मनगटच पाहतो. कमान पूर्ण लांबीने ओढायची, आखूड झटके नकोत. सुरुवातीला संथ, हलका दाब. धूर सुटून खाच भुकटीने भरली की दाब आणि वेग दोन्ही वाढवून तीसेक पूर्ण फेऱ्या.

पुढे काय करायचं ते भुकटी सांगते. फिकट तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर दाब कमी पडतोय. काळी, जाडसर, वळकट्या झालेली असेल तर दाब जास्त आहे किंवा लाकूड ओलं आहे. बारीक आणि काळपट तपकिरी आली की काम बरोबर चाललंय. कर्कश आवाज येऊन धूर थांबला तर खड्डा काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. चिमूटभर कोरडी रेती टाकून दोन-चार फेऱ्या मारा किंवा सुरीने खरवडा.

थांबल्यावर दांडी अलगद काढायची आणि पाहायचं. धूर खड्ड्यातून येत असेल तर काही नाही. खाचेतल्या भुकटीतून, कोणी हात न लावता, बारीक धार येत राहिली तर आत निखारा आहे. इथे घाई करू नये. फुंकर मारू नका, हाताने हलका वारा घाला; अर्ध्या-एक मिनिटात भुकटी आवळून एकजीव होते आणि मध्ये लाल ठिपका दिसतो.

निखारा ठेवायचं घरटं मी नारळाच्या सोडणाचं करतो. सोडण कुटून, पिंजून काथ्या केसासारखा बारीक करायचा. काथ्या निखारा छान धरून ठेवतो (धुपाटण्यात म्हणूनच सोडण घालतात), पण नुसता असला तर धुमसत राहतो, ज्वाळा लवकर घेत नाही. त्यात निम्मं वाळकं गवत किंवा चुरगाळलेलं केळीचं वाळकं पान मिसळा. हवेतली ओल काथ्या पटकन ओढतो, त्यामुळे घरटंही शेवटपर्यंत डब्यातच. फुंकर खालून, लांब आणि सावकाश, घरटं तोंडापेक्षा वर धरून, म्हणजे श्वासातली वाफ त्यावर साचत नाही.

भर पावसात डोंगरावर मात्र मी हे करत बसत नाही, आणि कोणी करूही नये. तिथे झाकणाच्या बाटलीत आगपेटी, लायटर आणि कापूर. कापूर उघडा ठेवला तर उडून जातो, म्हणून घट्ट डबीत. शिवाय सायकलच्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या. त्या भिजल्या तरी पुसून पेटतात. लाकूड जमिनीवर पडलेलं न घेता उभं वाळलेलं घ्यायचं, कोयत्याने उभं फोडायचं आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या. वाळका बांबू उत्तम, पण प्रत्येक पेर आधी फोडून घ्या. बंद पेर आगीत फुटतं आणि निखारे उडतात.

बाकीची कामं मानाने सोपी. ताडपत्री दोघांना नऊ बाय बारा फुटांची पुरते. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू जमिनीलगत उतरवायची. आढ्याच्या दोरीला ताडपत्रीच्या अलीकडे सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधा; दोरीवरून वाहत येणारं पाणी त्यावरून खाली ठिबकतं, आत येत नाही. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणून पहिल्या सरीनंतर उठून दोऱ्या पुन्हा आवळायच्या. कोरड्या ओहोळात कधीच मुक्काम नको.

पाणी पंचाच्या चार पदरांतून गाळून खळखळ उकळायचं, एक मिनिट. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर गेलं तर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं. जंतू मरतात, शेतातून आलेलं कीटकनाशक उकळून जात नाही, म्हणून पाणी पिकाच्या वरच्या अंगाने भरावं.

निघताना विस्तव विझवणं हे पेटवण्याइतकंच शिकण्याचं काम आहे. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि राखेत हाताची मागची बाजू नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून पाणी.