पश्चिमेचे डोंगर

15 नोव्हेंबर

पहाटे भिंतीलगतच्या लोखंडी नळ्यांमधून पाण्याची गुळगुळ ऐकू आली आणि आजपासून घर उबदार होणार हे अर्धवट झोपेतच समजले. उत्तर चीनच्या हेबेई प्रांतातल्या या शिजियाझुआंग शहरात घरोघरी गरम पाणी खेळवण्याची व्यवस्था दरवर्षी 15 नोव्हेंबरला सुरू होते आणि 15 मार्चला थांबते. चिनी पंचांगातला हिवाळ्याचा आरंभ मात्र 7 नोव्हेंबरच्या सुमारासच होऊन जातो. मधला आठवडा घरात बाहेरच्यापेक्षा अधिक गारठा असतो, आणि सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माझ्यासारखीला तो दोन स्वेटर घालून, रजईत बसूनच काढावा लागतो. खोलीचे तापमान किमान 18 अंश असले पाहिजे असा नियम आहे. आज सायंकाळपर्यंत ते 22 वर गेले आणि ओठ कोरडे पडू लागले, म्हणून नळ्यांवर ओला टॉवेल टाकला. ही युक्ती शेजारच्या आजींची.

ही ऊब कुठून येते, ते माझ्या चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसते. दूरच्या धुराड्यातून आज पांढरा लोट सरळ वर चढत होता आणि थोड्या उंचीवर जाऊन आडवा पसरत होता. आजींच्या बहिणीच्या खेड्यात पूर्वी घरोघरी कोळशाची शेगडी असे. 2017 मध्ये या प्रांतात अशा असंख्य शेगड्या काढून गॅसची जोडणी देण्यात आली, पण त्याच हिवाळ्यात गॅस अपुरा पडला आणि अनेक खेड्यांतील लोकांनी ती थंडी कुडकुडत काढली. हवा सुधारली हे आजी मान्य करतात. बहिणीच्या त्या हिवाळ्याचा विषय निघाला की मात्र त्यांचा स्वर अजूनही चढतो.

9 डिसेंबर

हवेचा अंदाज घेण्यासाठी मी फोन उघडण्याआधी पडदा सारते. समोरची इमारत, तिच्यामागचे धुराडे आणि क्षितिजावरचे ताइहांग डोंगर अशा माझ्या तीन खुणा आहेत. डोंगर दिसले तर खिडकी उघडायची, धुराडे दिसले तर मुखपट्टी लावून बाहेर पडायचे, आणि समोरची इमारतच पुसट झाली असेल तर काम घरूनच करायचे. आज धुराडे नव्हते आणि इमारत कशीबशी होती. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 271.

मराठीत धुके आणि धुरके असे दोन शब्द आहेत, हे मला इथे आल्यावर खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. चिनीतही दोन आहेत: धुक्याला 'वू' आणि धुरक्याला 'माय'. 'माय' या अक्षरात वर पावसाची खूण आणि खाली रानमांजरासारख्या एका प्राण्याची खूण असते. दबा धरून बसलेल्या हवेला याहून समर्पक अक्षर मला सुचत नाही, जरी ही व्युत्पत्ती विद्वानांची नसून केवळ माझी कल्पना आहे. आजच्या हवेत दोन्ही होते. दमट हवेत सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि जे आधीच दाट आहे ते अधिक दाट दिसू लागते.

दोष केवळ धुराचा नाही, जागेचाही आहे. शहर ताइहांगच्या पूर्व पायथ्याशी वसले आहे. पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून मंद वारा आला की तो मैदानातील सगळी घाण आणून डोंगराच्या कुशीत लोटतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते, त्यामुळे वरून झाकण बसल्यासारखे होते. 19 डिसेंबर 2016 रोजी इथे सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे 1,000 मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. त्या तुलनेत आजचा दिवस बरा म्हणावा, असे आजी म्हणाल्या. मला तसे म्हणवले नाही.

तरीही आज घरी बसणे शक्य नव्हते. 9 डिसेंबर हा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन. 1938 मध्ये भारतातून आलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले हे सोलापूरचे डॉक्टर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, याच प्रांतातील तांग परगण्यात वारले, आणि त्यांची समाधी या शहरातील हुतात्मा स्मारकात आहे. मी पिवळी शेवंती घेऊन गेले. माझ्याआधी कोणीतरी ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्यांवर काळसर ओल साचली होती. ज्या डोंगराळ भागात ते जखमींवर शस्त्रक्रिया करत हिंडले तो याच ताइहांगच्या रांगांमधला, आणि आज त्यांच्या समाधीजवळून डोंगर तर सोडाच, स्मारकाची पलीकडची झाडेही नीट दिसत नव्हती. सोलापूरच्या दोन माणसांनी एकमेकांना भेटावे आणि निमित्त असे असावे, याचे मला थोडे हसूही आले.

रात्री भावाचा फोन आला. इकडे निर्देशांक 150 असला की "थोडेफार प्रदूषण" म्हणतात, हे ऐकून तो म्हणाला, "मग चांगलेच आहे की गं!" त्याला समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला. 2012 मध्ये ठरलेल्या चिनी मोजपट्टीवर 150 म्हणजे सूक्ष्म कण 115 मायक्रोग्रॅम. तीच हवा भारतीय मोजपट्टीवर 280 च्या घरात जाते आणि "वाईट" ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा तर 15 मायक्रोग्रॅमच आहे. फुफ्फुस तेच, आकडे मात्र सीमेवर बदलतात. "वर्षभर असेच असते का?" असे त्याने विचारले. नाही. वसंतात गोबी वाळवंटाची पिवळी धूळ येते, आणि 15 मार्च 2021 ला उत्तर चीनमध्ये आले तसे धुळीचे वादळ दहा वर्षांत झाले नव्हते. मग पॉप्लरच्या झाडांचा कापूस नाकातोंडात जातो. उन्हाळ्यात आकाश निळे दिसते, पण त्या निळ्याखाली ओझोन वाढलेला असतो. ऑक्टोबर तेवढा निखळ. त्या महिन्यात मी त्याला फोटो पाठवते, म्हणून त्याचा समज असा झाला आहे.

12 डिसेंबर

गेले तीन दिवस ओळखीचा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारत होता: वारा कधी येणार? आमच्याकडे जूनमध्ये पावसाबद्दल हेच बोलणे चालते, आभाळाकडे पाहण्याची तऱ्हाही तशीच. मध्यरात्रीनंतर खिडकीच्या फटीतून शीळ ऐकू येऊ लागली. वायव्येचा वारा सुटला होता. दोन वाजता पाहिले तर निर्देशांक 240, चार वाजता 90, सकाळी 38. बाहेर उणे नऊ.

पडदा सारला तेव्हा डोंगर इतके जवळ होते की त्यांच्या घळींमधला बर्फ मोजता आला असता. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मग पाण्याची बादली आणून काच आतून पुसली, आणि फडक्यावर आलेले काळे पाहून दुसऱ्यांदा पुसली. खाली अंगणात आजींनी रजया दोरीवर टाकल्या होत्या आणि बाजूला रचून ठेवलेल्या चिनी कोबीच्या गड्ड्यांवरचे जुने कापड झटकत होत्या. मला खिडकीत पाहून त्यांनी ओरडून सांगितले की वारा परवापर्यंतच आहे, तेव्हा अंथरूण-पांघरूण आजच उन्हात टाक. मी रजई घेऊन लिफ्टने खाली गेले. दोरीवर जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची एक रजई सरकवून घेतली.