सहाव्या जागेवरचे व्हॅलिन

धानोरा तालुक्यातील एका गावी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे शिबिर होते आणि प्रयोगशाळेचे काम माझ्याकडे होते. दुपारी एक शेतकरी आपल्या लहान मुलीला घेऊन आला. तिचे हातपाय वरचेवर दुखत आणि डोळे पिवळे दिसत. रांगायला लागेपर्यंत मात्र ती ठणठणीत होती, असे त्याने सांगितले.

रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे ताजे द्रावण मिसळून मी कव्हर स्लिप ठेवली आणि हवा शिरू नये म्हणून तिच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या. हे द्रावण ऑक्सिजन काढून घेते. काही वेळाने सूक्ष्मदर्शकात गोल पेशींऐवजी टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसू लागल्या. बापालाही त्या दाखवल्या. त्याने विचारले, "पोरीचं रक्त पाण्यानं खराब झालं काय जी?"

पाण्याचा दोष नव्हता. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा नावाच्या साखळीत 146 अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, असतात. या आजारात त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले असते, हे शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1957 मध्ये दाखवून दिले. मला दरवेळी थक्क करते ते असे की, एवढ्याने साखळीची घडी मोडत नाही. प्रथिनाची घडी बसताना पाण्यापासून दूर राहणारी आम्ले बहुतांशी आत दडतात. हे व्हॅलिन मात्र त्याच जातीचे असूनही पृष्ठभागावर उघडे राहते. रेणूने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर खोबण तयार होते आणि व्हॅलिन तिच्यात नेमके बसते. असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, ताठ धागे तयार होतात व पेशीला वाकवतात.

ही चाचणी वाहकाच्या, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या व्यक्तीच्या, रक्तातही सकारात्मक येते, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या साहाय्याने वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीसाठी मुलीचा आणि आईवडिलांचाही नमुना घेतला. तिघांचा अहवाल आला तेव्हा मुलगी रुग्ण आणि आईवडील दोघेही वाहक असल्याचे स्पष्ट झाले.

रांगण्यापर्यंतच्या तिच्या निरोगीपणाचा उलगडाही या बीटा साखळीतच आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते; त्यात बीटा साखळी नसते आणि ते या धाग्यांची वाढ रोखते. डॉक्टरांनी सुरू केलेले हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ते रोज घ्यावे लागेल आणि रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करावी लागेल, हे मी त्या बापाला दोनदा समजावून सांगितले.