सोलर बसवलं, पण जोडलं कोणी?

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी ठरलेला सीन असतो. मेंटेनन्ससाठी लाईट जाते, लिफ्ट बंद पडते आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यातूनच ओरडतात, "अहो खजिनदार बाई, वर एवढं सोलर बसवलंय ना, मग लिफ्ट का बंद?" मी दोन वर्षं तेच उत्तर देतेय, की काका, लाईट गेली की आपलं सोलरही मुद्दाम बंद होतं, नाहीतर आपली वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. काका दर वेळी "अच्छा अच्छा" म्हणतात आणि पुढच्या गुरुवारी परत विचारतात. बॅटरी लावली असती तर लिफ्ट चालली असती, पण तेव्हा बॅटरीचा आकडा ऐकून मीटिंगमध्ये सगळे एकदम शांत झाले होते.

असो. आज लिहायचंय ते वेगळंच आहे.

आम्ही कोथरूडला राहतो, २० फ्लॅटची जुनी बिल्डिंग, लिफ्ट, पाण्याचे दोन पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे सगळे कॉमन मीटरवर, बिल पंधरा-सोळा हजारांच्या घरात. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना, म्हणजे गच्चीवरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची योजना, आली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दिवसात चाळीस फॉरवर्ड आले, त्यातले निम्मे चुकीचे. लोकांना वाटलं सोसायटीलाही ७८ हजार मिळणार. तसं नाहीये. ७८ हजार हे एकेका घराला, ३ किलोवॅट किंवा त्याच्या वर बसवलं तर, म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. सोसायटीच्या कॉमन वापराला सरसकट किलोवॅटमागे १८ हजार. आम्ही ५५० वॅटचे १८ पॅनल घेतले, ९.९ किलोवॅट, मुद्दाम १० च्या आत, कारण १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी धरली जाते असा नियम त्याच वर्षी झाला होता. सबसिडी पावणेदोन लाखांच्या वर गेली. मी खजिनदार म्हणून त्या दिवशी जरा मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

पहिलं वर्ष मस्त. पुण्यात एका किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, आमचे रोज ४० च्या आसपास यायचे, मार्च-एप्रिलमध्ये त्याहून जास्त. बिल दोन-अडीच हजारांवर आलं. मग दुसऱ्या वर्षीचा पावसाळा आला, युनिट कमी झाले, म्हटलं ढग आहेत, होणारच. ऑगस्टमध्ये आणखी कमी झाले, तेव्हाही म्हटलं ढग. सप्टेंबर गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि दिवाळीच्या तोंडावर बिल आलं सात हजारांच्या वर. आता ऑक्टोबरच्या उन्हाला ढग कुठून म्हणायचं?

सोलर किती वीज बनवतंय ते दाखवणारं एक ॲप असतं, ते बघावं तर त्यात काहीच दिसेना. मग कळलं की इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात लागणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या डब्याचा, वायफाय वरच्या फ्लॅटच्या राउटरला जोडलेला आणि त्यांनी मे महिन्यातच पासवर्ड बदललेला. आणि ॲपचं मेन लॉगिन व्हेंडरकडे, म्हणजे ज्याने सोलर बसवून दिलं त्याच्याकडे! म्हणजे गच्ची आमची, पॅनल आमचे, आणि किती वीज होतेय हे बघायची किल्ली दुसऱ्याकडे. व्हेंडरला फोन केला तर "मॅडम, टीम सध्या साताऱ्याला आहे, सोमवारी येते." असे चार सोमवार गेले. या योजनेत पाच वर्षं देखभाल व्हेंडरनेच करायची असते, करारात लिहिलंय, मी ते पानच फोटो काढून पाठवलं, तर अंगठ्याचा इमोजी आला. इमोजी!

शेवटी आमच्या वॉचमनदादांचा मुलगा वर गेला. हा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला, त्यानंतर तीन महिन्यांचा सोलरचा कोर्स केलेला. मी म्हटलं, "अरे बाळा, हात लावू नकोस, काही झालं तर आपल्यावर येईल." तर म्हणाला, "काकू, हात नाही लावत, आधी मोजतो फक्त." आणि खरंच, त्याने अर्धा तास नुसतं मोजलं. आमचे १८ पॅनल म्हणजे नऊ-नऊच्या दोन माळा, त्याला ते स्ट्रिंग म्हणतात. एका स्ट्रिंगला ४३० च्या आसपास व्होल्टेज, दुसरीला काहीच नाही. म्हणजे ऑगस्टपासून कधीतरी आमचं अर्धं सोलर झोपलेलं आणि आम्ही ढगांना शिव्या देतोय.

मग त्याने आधी एसी बाजू, म्हणजे बिल्डिंगकडची, बंद केली, मग पॅनलकडचा डीसीचा स्विच, आणि पॅनलच्या रांगेखाली आडवा होऊन सरकत सरकत शेवटच्या पॅनलपर्यंत गेला. तिथून खाली जाणाऱ्या केबलचा जो जोड असतो, एमसी फोर म्हणतात त्याला, बोटाएवढं काळं प्लास्टिक, तो वितळून वाकडा झालेला. त्याने तो कापून आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "काकू, वायर ओढा." मी दोन बोटांनी ओढली आणि वायर सुळकन बाहेर आली. आत जी धातूची पिन असते ती वायरवर क्रिंपिंग टूलने दाबायची असते, टूल असं की पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. ही पक्कडने चेपलेली. एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला मोकळी. भर दुपारी त्या ढिल्या पिनेतून १२-१३ अँपिअर करंट पाच-सहा तास जाणार, रोज, वर्षभर. तापणारच की. आणि जोडाचा नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची, दिसायला सारखे, टक् करून बसतातही, पण माप केसभर वेगळं. तो म्हणाला कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात, दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत घालायचे नाहीत, आणि प्रत्येक क्रिंप केल्यावर वायर ओढून बघायची. ओढून बघायला किती वेळ लागतो? दोन सेकंद.

मला नंतर रात्री झोप नाही लागली. कारण त्याने अजून एक सांगितलं, की घरातल्या एसी करंटची ठिणगी लवकर विझते, कारण तो करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, डीसी कधी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटली की पेटलेली राहते. आणि ऊन असेपर्यंत पॅनलला बंद करायचं बटण नाही. आमच्या नशिबाने नुसतं प्लास्टिक वितळलं. त्याच गच्चीवर पापड वाळत घातलेले असतात आणि पोरं पतंग उडवतात.

आता माझं म्हणणं ऐका. सोलरवर चर्चा निघाली की सगळे बोलतात सबसिडीवर आणि पॅनलच्या भावावर. बोलायला आहेही भरपूर. २०२२ च्या एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांवर, २५ टक्के ड्युटी लागली, त्यामुळे इथे कारखाने वाढले. सबसिडी हवी तर डीसीआर पॅनलच लागतात, म्हणजे सेलही भारतातला आणि पॅनलही, आणि ते साध्या पॅनलपेक्षा महाग पडतात, हे कोटेशन घेताना नीट विचारा, कारण स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा डीसीआर नसतं. सरकारी यादीतल्याच कंपन्यांचे पॅनल घ्यायचे हा नियम आधीपासून आहे, २०२६ च्या जूनपासून सेललाही तशीच यादी ठरवलीय. दुसरीकडे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आम्ही आधी बसवलं त्यामुळे आम्हाला १२ नेच लागला, यावरून आमच्या मीटिंगमध्ये मला अजून टोमणे बसतात, जणू मी अर्थमंत्री आहे. पॅनलही बदलतायत, आमचे मोनो पर्क जातीचे आहेत, आता सगळे टॉपकॉन नावाचे नवे घ्या म्हणतात, ते पॅनल उन्हात तापल्यावर थोडी कमी वीज घालवतात, पुण्याच्या एप्रिलमध्ये तेवढाच फायदा. देशाची सोलरची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॅटच्या वर गेली. सगळं छान आहे, मला खरंच अभिमान वाटतो.

पण हे सगळं शेवटी कोणाच्या हातावर उभंय? सूर्यघरचं टार्गेट १ कोटी घरं, २०२६-२७ पर्यंत, ७५ हजार कोटींची योजना, १७ लाख रोजगार होतील असं मंजुरीच्या वेळीच सांगितलेलं. आणि पोरं शिकवायची म्हणून २०१५ ला जी सूर्यमित्र योजना सुरू झाली तिचं पाच वर्षांचं टार्गेट होतं ५० हजार पोरं. कोर्स वाईट नाहीये हां, ६०० तासांचा आहे, फुकट आहे, दहावी आणि आयटीआय झालेल्या पोरांना घेतात. आमच्या पुण्यात तर या विषयाला जागेची कमी नाही, महाऊर्जा म्हणजे राज्य सरकारची सोलरसारख्या ऊर्जेची संस्था, तिचं ऑफिस औंधला, सरकारी आयटीआय औंधला, विद्यापीठात एनर्जी स्टडीजचा विभाग वेगळाच. शिकलेला मुलगा तयार होतो, आणि मग त्याला काम कसं मिळतं ते बघा.

मी या मुलाला विचारलं, तू मग सोलरमध्ये का नाहीस? तो होता. आठ महिने होता. व्हेंडर ऑर्डर घेतो, सब-कॉन्ट्रॅक्टरला देतो, तो पुढे आणखी कोणाला तरी देतो आणि शेवटी गच्चीवर जी चार पोरं चढतात त्यांना वॅटवर पैसे मिळतात. जितके वॅट तितके पैसे. दिवसाला दोन गच्च्या उरकल्या तर परवडतं, एक नीट केली तर नाही परवडत. हा प्रत्येक वायर ओढून बघायचा म्हणून याचं नाव टीममध्ये "इन्स्पेक्टर" पडलं आणि मग याला बोलवायचेच बंद झाले. क्रिंपिंग टूल याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं, मोज्यात गुंडाळून ठेवतो. आता तो बाईकवर पार्सल पोचवतो, त्यात जास्त सुटतात म्हणे.

हे ऐकून मला राग आला तो कोणा एकावर नाही आला. मीच कोटेशन घेताना काय विचारलं होतं? किलोवॅटला किती, पॅनल कुठल्या कंपनीचा, २५ वर्षं वॉरंटी आहे ना. पॅनलची वॉरंटी २५ वर्षं आहेच, पण जळाला तो पॅनल नव्हता, तीस-चाळीस रुपयांचा जोड होता. गच्चीवर येणारी पोरं कोण, शिकलेली आहेत का, टूल आहे का, हे मी विचारलंच नाही, उलट तीन हजार कमी करा म्हणून घासाघीस केली. ते तीन हजार कुठून कमी झाले असतील हे आता कळतंय.

त्या मुलाने दोन्ही स्ट्रिंगचे गच्चीवर केलेले सगळे जोड बदलले, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशी ४१ युनिट. त्याला किती द्यायचे यावरही मीटिंग झाली, अर्थात, पुणे आहे. मी पाच हजार म्हटलं, कोणीतरी म्हणालं "घरचाच तर मुलगा आहे". मी म्हटलं म्हणूनच पाच. आता वर्षाचं तपासणीचं कंत्राटही त्यालाच दिलंय, इन्व्हर्टरचं लॉगिन माझ्या नावावर करून घेतलंय आणि वायफायसाठी सोसायटीचं वेगळं सिम घेतलंय.

पुढच्या गल्लीतल्या सोसायटीच्या दोघी जणी येत्या रविवारी आमचं सोलर बघायला येणारेत, त्यांना कोटेशन आलीयेत आणि कुठलं घ्यावं कळत नाहीये. चहाला बोलावलंय. तो जळका जोड मी एका डबीत ठेवलाय. आधी तो त्यांच्या हातात देणार आणि म्हणणार, वायर ओढा. गुरुवारी आल्या असत्या तर काकांचा प्रश्नही ऐकायला मिळाला असता.