आमची वाटचाल: पानं खाल्ली जाणारी बाग

आमचं काम म्हणजे बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या, फार्महाऊसच्या बागा करून देणं आणि पुढे त्या सांभाळणं. बाग अशी करायची की तिथे फुलपाखरू अंडी घालेल, शिंजीर घरटं बांधेल, पावसाळ्यात बेडूक ओरडेल. फर्म अगदी छोटी आहे, मी, वहिनी, दोन माळी आणि नर्सरीत पिशव्या भरणाऱ्या मावशी, बस. नर्सरी मुळशीकडे, कामं बहुतेक पुण्यात.

त्याआधी मी लँडस्केपिंगच्या कॉन्ट्रॅक्टवरच काम करायचो. बिल्डरला पझेशनच्या आधी सगळं हिरवंगार दिसायला हवं असतं, मग सोरतापवाडी-उरुळीच्या नर्सऱ्यांतून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रक मागवायचे, फॉक्सटेल पाम, फायकस, गोल्डन दुरांता, अकॅलिफा, खाली लॉनचे तुकडे अंथरायचे की दोन दिवसांत बाग उभी. दिसायला छानच दिसते, त्यात शंका नाही. पण त्या बागांमधून वर्षभर फिरलो तरी कावळे, कबुतरं आणि साळुंक्या सोडून काही दिसायचं नाही. दुरांत्याची कटिंग दर पंधरवड्याला, म्हणजे त्याला फूल यायचा प्रश्नच नाही, पेट्युनिया आणि डबल पाकळ्यांची जास्वंद नुसती बघायला, त्यांच्या मधापर्यंत माशी पोचतच नाही. वर महिन्याला औषधाचा फवारा असायचाच.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य, आणि त्यानंतर जुने कस्टमर फोन करून विचारायला लागले की ते मोठं काळं-निळं फुलपाखरू आमच्याकडे येईल का हो. मी सांगायचो येईल की, लिंबू, पपनस असं काहीतरी लावा, पण औषध मारू नका. तिथूनच डोक्यात बसलं की हेच काम पूर्ण वेळ करायचं.

खरी अडचण रोपांची होती. मला हवी ती झाडं नर्सऱ्यांत मिळायचीच नाहीत. बहावा, ताम्हण, कडुनिंब मिळायचे, पण धायटी कोण विकतंय? मुरुडशेंग, कुंभा, बारतोंडी, भोकर, कुडा, सापसंदाचा वेल, कुणाकडेच नाही. इथे वहिनी आली कामाला. तिचं माहेर मुळशीतलंच, तिला कुठलं झाड कुठल्या डगरीवर आहे आणि बी कधी पिकतं ते तोंडपाठ. उन्हाळ्यात पळसपापडी गोळा करायची, करवंदाचं बी सुकायच्या आत पेरायचं, सीताअशोकाचं बी तर ठेवून चालतच नाही, ताजं असतानाच पिशवीत गेलं पाहिजे. बहाव्याचं बी उलट, दगडासारखं टणक, ते पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की मग उगवतं, हे मावशींनी एकदा हातात घेतलं ते आजतागायत त्यांचंच खातं आहे, मला हात लावू देत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण आमचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. फुलपाखरांना फुलं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्या बाळांना, म्हणजे अळ्यांना, खायला पानं लागतात, आणि तीही ठराविक झाडांचीच. फुलपाखरांपैकी बिबळ्या कडव्याला रुई हवी, कॉमन क्रोला कण्हेर चालते, टेल्ड जे सोसायटीत उभ्या रांगेत लावलेल्या त्या उंच हिरव्या अशोकावरही अंडी घालतं, क्रिमसन रोझला सापसंद लागतोच, दुसरं काही चालत नाही. तेव्हा फुलपाखरांची बाग हवी असेल तर पानं खाल्लेली दिसणारच, आणि ती दिसली की आम्हाला बरं वाटतं.

कस्टमरला हे पटवायला मी फार बोलत नाही, कढीपत्त्याची एक कुंडी देतो. ऑगस्टमध्ये पाऊस जरा उघडला की कॉमन मॉरमॉनची मादी येते, पुढच्या पायांनी पानावर टकटक करून चव घेते आणि कोवळ्या पानावर एकच पिवळसर गोल अंडं ठेवून पुढे जाते, मोहरीपेक्षाही बारीक. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस चक्क पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-पांढरी आणि ओलसर चकचकीत, त्यामुळे पक्षी सोडून देतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिला जरा बोट लावलं की डोक्यामागून लालभडक दुहेरी शिंग बाहेर काढते, उग्र वास येतो. चावत नाही, खाज नाही. पोरं तर हे बघायला पुन्हा पुन्हा येतात. शेवग्यावर जे केसाळ सुरवंट घोळक्याने बसतात त्यांनी खाज सुटते हे खरं आहे, ते वेगळे, आणि हा फरक आम्ही प्रत्येकाला प्रत्यक्ष दाखवतो कारण लोकांची निम्मी भीती तिथेच असते. कढीपत्ता खरडून खाल्ला तरी मरत नाही, परत फुटतो.

पानफुटीचं अजून वेगळं. तिच्यावर रेड पिएरो फुलपाखराची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, वरून पान नुसतं फुगल्यासारखं, पांढुरकं दिसतं, त्यामुळे लोकांना वाटतं रोग पडला. एक काकू कुंडी परत द्यायला आल्या होत्या, आम्ही ते पान उजेडात धरून आतली हलणारी अळी दाखवली, कुंडी परत घेऊन गेल्याच आणि जाताना अजून दोन घेतल्या.

पक्ष्यांचंही गणित इथेच येऊन थांबतं. चिमणी दाणे खाते पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. बाल्कनीत तांदूळ टाकणारे खूप भेटतात, चांगलंच आहे, पण अळीच नसेल तर पिल्लं जगायची कशी? शिंजीर लोंबतं घरटं बांधताना कोळ्याचं जाळं वापरतो, म्हणून आमच्या माळ्यांना सांगून ठेवलंय की कोपऱ्यातली कोळिष्टकं सगळी झाडून काढायची नाहीत. वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर ठेवायची, तांबट पक्षी तिथेच भोक पाडतो, भुंगा वाळक्या बांबूत राहतो. गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल गोल कापलेलं दिसलं तर ती लीफकटर माशी, ती पान खात नाही, घर करायला नेते, तिला मारू नका. पाण्यासाठी मातीची परळ ठेवा, दोन बोटं खोल, आत एखादा खडबडीत दगड, आणि रोज पाणी बदलून नारळाच्या शेंडीने घासा. डास होतील म्हणून परळ ठेवायला घाबरणारे आहेत, रोज बदललं तर होत नाहीत.

धंदा म्हणून बोलायचं तर रोपं विकून पोट भरत नाही. धायटीचं रोप विकण्याएवढं व्हायला वेळ लागतो आणि लोक दुरांत्याच्या भावाशी तुलना करतात. आम्हाला उभं ठेवलं ते वार्षिक मेंटेनन्सने. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, रासायनिक कीटकनाशक नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, झाडाखालीच पसरायचा, आणि फुलोऱ्यात असलेल्या झाडाची कटिंग नाही. मावा फार झाला तर पाण्याचा जोरदार फवारा, गरज पडली तर निंबोळी अर्क, तोही अळ्या असलेल्या झाडावर अजिबात नाही कारण अर्काला कुठली अळी आपली ते कळत नाही. थोडा मावा तर आम्ही मुद्दाम ठेवतो, ढालकिडे त्यावरच येतात.

एका सोसायटीत हे सगळं छान चाललं होतं, रुईवर, लिंबावर भरपूर अळ्या होत्या, आणि कमिटी बदलल्यावर नव्या लोकांनी आम्हाला न विचारता पेस्ट कंट्रोल बोलावून पूर्ण बागेवर फवारणी केली. दुसऱ्या दिवशी आमचा माळी गेला तर झाडांखाली मेलेल्या अळ्या आणि माश्या. फोनवर त्याला नीट बोलता येत नव्हतं. आम्ही ते काम सोडलं, पैशाची ओढाताण असतानाही सोडलं, आणि तेव्हापासून फवारणीची अट सह्या होण्याआधी पूर्ण कमिटीपुढे मोठ्याने वाचून दाखवतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये साईटवरची कामं बंद पडली, पण लोक घरात बसून खिडकीतून बघायला लागले. हा कुठला पक्षी, ही अळी कुठली, दिवसभर व्हॉट्सॲपवर फोटो. मी आणि वहिनी उत्तरं देत बसायचो, त्यातूनच बाल्कनीची कामं सुरू झाली, ती आज मोठ्या बागांच्या बरोबरीने आहेत. चौथ्या मजल्यावरही ब्लू मॉरमॉन येतं हे मी स्वतः पाहिलंय.

काही गोष्टी आम्ही करत नाही. घाणेरी विकत नाही, तिच्यावर फुलपाखरं खूप येतात हे मान्य, पण ती रानात पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही, आणि पक्षी तिची बी सगळीकडे नेतात. रुई लहान मुलं असलेल्या घरात दारापाशी लावत नाही, चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, मागच्या कुंपणाला लावतो, शनिवारी मारुतीला पानंही होतात. साप दिसला तर मारणाऱ्याकडे काम घेत नाही, सर्पमित्राचा नंबर आधीच देऊन ठेवतो.

यंदा धायटी, मुरुडशेंग, बारतोंडी आणि सापसंदाची रोपं चांगली तयार झालीत, खुळखुळाही आहे, त्याच्या वाळलेल्या शेंगांवर पावसाळा संपता संपता टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांच्या नरांची झुंबड उडते. एक-दोन चांगले पाऊस झाले की लावायला घेतो. विचारायला फोन कराल तेव्हा बाल्कनी किंवा अंगण कुठल्या दिशेला आहे, ऊन किती तास येतं आणि शेजारी कोण फवारणी करतं का, एवढं आधी बघून ठेवा.