थांबण्याची काजळी

चाक धुवायचं तर उकिडवं बसावं लागतं. बाकीची गाडी उभ्याने धुता येते. टपावर पाणी ओतावं, बॉनेटवरून हात फिरवावा, काचेवर फडकं मारावं, सगळं कसं मालकाच्या रुबाबात. चाकापाशी आलं की रुबाब संपतो. चार चाकं म्हणजे चार बैठका, आणि तिसऱ्या बैठकीपासून माझे गुडघे कुरकुरायला लागतात.

तरीही मी सुरुवात चाकांपासूनच करतो. हे शहाणपण उशिरा आलं. आधी अंग, मग पाय, असा क्रम मी कितीतरी वर्षं पाळला. मग चाक घासताना काळे शिंतोडे नुकत्याच धुतलेल्या दारावर उडायचे आणि दार पुन्हा धुवावं लागायचं. एकदा तर घाईघाईत चाक पुसलेलं फडकंच बॉनेटवर फिरवलं. काळ्या बॉनेटवर ते गोल गोल ओरखडे ऊन पडलं की अजूनही उमटतात. तेव्हापासून चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळे, फडकी वेगळी. त्यांच्याबाबतीत मी शिवाशिव पाळतो म्हणा ना.

रिमवर बसलेली काळी पूड म्हणजे रस्त्याची धूळ, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण रस्त्याची धूळ पाण्याबरोबर निघून जाते. ही जात नाही. बोटाला लागली तर बोटाच्या रेषांमध्ये जाऊन बसते. ही पूड ब्रेकची असते. ब्रेक दाबला की दोन पॅड लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात, चाकाची गती उष्णता होऊन जाते आणि या झटापटीत पॅड आणि डिस्क दोघंही थोडे थोडे झिजतात. झिजलेले तापलेले कण रिमवर येऊन चिकटतात, काही तर वरच्या पारदर्शक थरात रुततात. पुढे ओल लागली की त्यातलं लोखंड गंजतं आणि चांगल्या अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या, रिमवर बारीक नारिंगी ठिपके उठतात.

हे कळल्यापासून चाक घासताना माझा हात मंदावला. गाडी किती चालली ते मीटर सांगतो. ती किती वेळा थांबली आणि कशी थांबली, ते मात्र रिमवर लिहिलेलं असतं. आरामात पाय टेकवून थांबलो ते सिग्नल त्यात आहेत. आडवं आलेलं कुत्रं आहे. उगाच घेतलेला तो ओव्हरटेक आणि समोरून आलेला ट्रक, तेही आहे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा नेहमी जास्त काळी असतात, कारण ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. आमच्या घरात याला एक पुरवणी आहे. बायकोने आठवडाभर गाडी वापरली की चाकं निम्मीसुद्धा काळी होत नाहीत. रस्ता तोच, अंतर तेवढंच. हे निरीक्षण मी अनेक महिने स्वतःपाशीच ठेवलं होतं.

रुतलेले कण ब्रशने निघत नाहीत, कितीही जोर लावा. त्यासाठी लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो. फवारला की मिनिटभर काहीच होत नाही, आणि मग रिमवरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. जिथे लोखंड, तिथे जांभळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकून मागे सरकलो होतो. वास मात्र गंधकाचा, डोक्यात जाणारा. केस कुरळे करण्याच्या पर्मच्या औषधाला येतो तसाच, आणि ते योग्यच आहे, कारण दोन्हींतलं मुख्य रसायन एकाच घराण्यातलं. पथ्यं दोनच. चाक गार हवं, आणि फवारा चाकावर वाळता कामा नये. उन्हात, तापलेल्या रिमवर हे उद्योग केले तर डाग काढायला जाऊन नवे डाग पडतात. म्हणून एका वेळी एकच चाक: फवारा, घासा, भरपूर पाण्याने धुवा, मग पुढच्याकडे सरका. तीव्र आम्ल असलेली क्लीनर मी आणत नाही. रिम उजळतो खरा, पण त्याची कातडीही सोलवटते.

खरी चिकाटी लागते ती आतल्या बाजूला. आऱ्यांच्या मागे, नटांच्या खळग्यांत, जिथे कुणी बघत नाही तिथे. तिथेच रिमला चिकटवलेले शिशाच्या रंगाचे छोटे चौकोन हाताला लागतात. मी एकदा ते चिखलाचे खपले समजून नखाने उकरायला घेतले होते. ती चाकाचा तोल साधणारी वजनं असतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमची. निघाली असती तर वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं असतं.

मग टायर. घासायला लागलं की फेस तपकिरी येतो, मातीचा अंश नसला तरी. ओझोनमुळे रबराला चिरा पडतात, म्हणून टायरमध्ये त्याला तोंड देणारं रसायन मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनचा मारा स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्यात तपकिरी पडतं. टायर फिरला, दबला, वाकला की आतून नवा साठा वर येत राहतो. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला म्हणूनच लवकर चिरा पडतात. फेस पांढरा येईपर्यंत मी घासतो. तीन हात, कधी चार.

टायरचा काळेपणाही मुळातला नव्हे. रबर फिकट रंगाचं. त्याला ताकद आणि झीज सोसण्याचा गुण यावा म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे सरळ सांगायचं तर काजळी, मिसळायला लागले ते विसाव्या शतकात. १८९८ मध्ये मिशलिन या टायर कंपनीच्या पोस्टरवर अवतरलेला टायरांच्या चळतीचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे तो यामुळेच. म्हणजे रिमवरची काजळी खरवडून काढायची आणि टायरमधली काजळी उठून दिसावी म्हणून वर ड्रेसिंग, म्हणजे टायरचं पॉलिश, चढवायचं, असा आपला कारभार.

ड्रेसिंगच्या बाबतीत मी एकेकाळी चकचकीत पंथाचा होतो. सिलिकॉनचं घट्ट तेलकट पॉलिश, सढळ हाताने. टायर ओले असल्यासारखे चमकायचे. तशाच ओल्या टायरांवर एकदा पाहुण्यांना आणायला निघालो. पोहोचून उतरलो तर चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या भागावर काळ्या थेंबांची अर्धवर्तुळाकार नक्षी. चाक फिरलं, पॉलिश उडालं. पाहुण्यांना ती कंपनीची डिझाइन वाटली. मी खुलासा केला नाही. आता पाण्याच्या बेसचं दुधाळ ड्रेसिंग वापरतो. कोरड्या टायरला, स्पंजवर थोडंसंच घेऊन, फक्त बाजूच्या भिंतीला. थोडं थांबायचं आणि उरलेलं फडक्याने टिपून घ्यायचं. येणारा काळा रंग निमूट, नव्या टायरसारखा. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला आणि ब्रेकच्या डिस्कला मात्र थेंबही लागू द्यायचा नाही. अख्खी गाडी तळहाताएवढ्या चार टेकूंवर उभी असते. तिथे चमक काय कामाची?

भिंत पुसताना चार अंकी आकडा बोटाखाली येतो. तो टायर कधी बनला ते सांगतो. माझ्या टायरवर २३१९ आहे: २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दर वेळी मी हिशेब करतो, वय मोजतो आणि नक्षीतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांकडे बघतो. ते १.६ मिलिमीटरवर असतात. रबर झिजून त्यांच्याशी समतल झालं की टायरची सेवानिवृत्ती. अजून अवकाश आहे, पण फार नाही.

चौथं चाक झालं की मी कमरेवर हात ठेवून उभा राहतो. तोपर्यंत धुतलेल्या डिस्कवर नारिंगी गंजाची साय धरलेली असते. घाबरण्यासारखं काही नाही. उघडं लोखंड आहे, पाणी लागलं की गंजणारच. गेल्या वेळी डिस्क सुकवायला एक फेरी मारून यावं म्हणून किल्ली घेतली, तर बायको आधीच ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली.

"मी नेते," ती म्हणाली. "तू नेलीस तर परत धुवायला बसशील."

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी निमूट बाजूच्या सीटवर बसलो. कोपऱ्यावर तिने हलकेच ब्रेक दाबला, डिस्कवरचा गंज खरखरत निघाला आणि स्वच्छ रिमवर पहिली पूड जाऊन बसली.