ड्युटी लिस्ट

मिरजेत नर्स मिळत नाहीत म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उघडलं, त्यानंतर गल्लोगल्ली दवाखाने झाले, नर्सिंग कॉलेजं झाली. मुली मिळतात हो. टिकत नाहीत.

मी एका खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे आणि वॉर्डची ड्युटी लिस्ट माझ्याकडे असते. राजीनाम्यात सगळ्या 'घरगुती कारण' लिहितात. ड्युटी लिस्ट बघितली की खरं कारण कळतं.

आमच्या सर्वांत जुन्या सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या. अथणी-कागवाडकडचा पेशंट आला की त्या कानडीत विचारपूस करतात आणि निम्मी हिस्ट्री तिथंच मिळते. तान्ह्या बाळाची व्हेन, म्हणजे सुईसाठीची शीर, आमच्या कुणाला सापडेना की हाक त्यांनाच. गुडघे मात्र गेलेत. त्यांना बारा तासांची नाइट लावायची, वर कॉम्प्युटरवर चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी, जमत नाही म्हणून राउंडला चारचौघांत बोलायचं, मग त्या कशाला राहतील? मी त्यांच्या नाइट कमी करून नव्या मुलींना त्यांच्या हाताखाली दिलं. त्यावर तरुण मुली कुरकुरल्या, आणि त्यांचंही खरंच होतं. जास्तीच्या नाइटचा भत्ता हातात पडल्यावर कुरकुर थांबली. नुसतं "मोठ्यांचा मान ठेवा" सांगून थांबली नसती.

तिशीतल्यांचं दुखणं वेगळं. एक तासगावहून एसटीनं येते. संध्याकाळची ड्युटी आठला सुटते, पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवायचा हँडओव्हर लांबला की गाडी चुकते, घरी लहान पोर. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनंच ठरवलं. आमच्याकडं त्याची फाइल आहे, पाळणाघर नाही.

आणि विशीतल्या. कुणी एम्सच्या नॉरसेटचा, म्हणजे सरकारी नर्सभरतीच्या परीक्षेचा, अभ्यास करते, कुणी जर्मनच्या क्लासला जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार झाल्यापासून तर घरचेच म्हणतात, जा. काही ठिकाणी अशांची मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवतात. मला तो निव्वळ निर्लज्जपणा वाटतो. जायची ती जाणारच. क्लासच्या दिवशी ऑफ मिळाला तर दोन वर्षं मन लावून काम तरी करेल.

पगाराचं काय, विचाराल. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला वीस हजारांखाली पगार नको, अशी शिफारस केंद्राच्या समितीनं २०१६ मध्येच केली. आपल्या भागात किती जणींना तेवढा मिळतो, ते कुठल्याही सिस्टरला बाजूला घेऊन विचारा.

पुढच्या महिन्याची लिस्ट मी पंचवीस तारखेलाच लावणार आहे. मालकांचं म्हणणं, इतक्या आधी लावली की बदल मागत बसतात. मागू देत की! आयत्या वेळी दांडी मारण्यापेक्षा ते बरं.