हुकूम निघाला की झालं?

सैन्याच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर होते आणि शेवटची काही वर्षं संसर्ग नियंत्रण माझ्याकडे होतं, हे कळलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग कोविड तुम्हाला सोपा गेला असेल. तुमच्याकडे काय, हुकूम निघाला की झालं!" आजवर मी हसून विषय बदलत आले. लष्करी रुग्णालय कोविडसाठी कसं बदललं, असं तुम्ही विचारलंत, आणि वर ऐकायला वेळ आहे म्हणालात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हुकमाने भिंती हलतात, हे खरं आहे. एका रात्रीत सर्जिकल वॉर्ड रिकामा होतो, पार्टिशन उभं राहतं, येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी होते, जमिनीवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे पडतात. वुहानमध्ये १००० खाटांचं हुओशेनशान रुग्णालय दहाएक दिवसांत उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सैन्याच्या वैद्यकीय पथकांनी ते ताब्यात घेतलं. दिल्ली छावणीत डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने त्याच वर्षी १००० खाटांचं, त्यात २५० आयसीयूच्या, रुग्णालय १२ दिवसांत बांधलं. तिथेही डॉक्टर-नर्स सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतले. अशा बातम्या वाचूनच लोकांना वाटतं की आमचं सगळं आधीच तयार होतं. बांधकामापुरतं होतंही.

पण लष्करी रुग्णालयाची घडण जखमींसाठी झालेली असते. त्याची सगळी व्यवस्था एकाच दिशेने वाहते. आघाडीवर रक्तस्राव थांबवा, पुढच्या ठिकाणी ऑपरेशन करा, रुग्ण स्थिर झाला की मागे धाडा, खाट मोकळी करा, कारण पुढची तुकडी येतेय. वर्षानुवर्षं हेच अंगात मुरवलेलं. जखमीचा जीव पहिल्या तासात जातो किंवा वाचतो. कोविडचा रुग्ण मात्र पहिले काही दिवस ठणठणीत दिसायचा आणि सातव्या-दहाव्या दिवशी ढासळायचा. मग आयसीयूत दोन-दोन, तीन-तीन आठवडे. खाट मोकळी व्हायचीच नाही. आणि त्याला मागे पाठवायचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येकाला धोक्यात घालायचं.

१९१८ मध्ये हीच वाहती व्यवस्था जिवावर बेतली होती. अमेरिकेत बोस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स या लष्करी छावणीत सप्टेंबरात फ्लू शिरला, तेव्हा तिथल्या रुग्णालयात क्षमतेच्या कितीतरी पट सैनिक येऊन पडले. व्हरांड्यातही खाटा लागल्या. तरी तुकड्या बोटींवर चढतच होत्या. लेव्हायथन नावाच्या जहाजावर तर भर समुद्रात साथ पसरली. त्या पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे ४५,००० सैनिक फ्लूने आणि त्यातून झालेल्या न्यूमोनियाने गेले, म्हणजे रणांगणावर पडलेल्यांच्या संख्येच्या फार मागे नाहीत. बराक, रांगेने झोपणं, एकत्र जेवण, एकत्र कवायत. फुप्फुसाच्या विषाणूला याहून सोयीची जागा कुठली?

शंभर वर्षांनीही घडणीचा हा प्रश्न सुटलेला नव्हता. अमेरिकेच्या नौदलाचं 'कम्फर्ट' हे रुग्णालय-जहाज ३० मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कला लागलं. १००० खाटा, शस्त्रक्रियेची जय्यत तयारी, बघायला ही गर्दी. ठरलं असं होतं की कोविड नसलेले रुग्ण इथे आणायचे, म्हणजे शहरातली रुग्णालयं मोकळी होतील. पण शहर बंद असल्यावर अपघाताचे रुग्ण येणार कुठून? आणि जहाजावरचे वॉर्ड मोठे, उघडे, खाटा एकावर एक. युद्धातल्या जखमींसाठी ते ठीक. हवेतून पसरणाऱ्या विषाणूसाठी त्याहून वाईट रचना शोधून सापडणार नाही. शेवटी निम्म्या खाटा कमी करून कोविडचे रुग्ण घ्यावे लागले. महिन्याभराने जहाज परत गेलं, तोवर एकूण १८२ रुग्णांवर उपचार झाले होते. लोक या आकड्याला हसले. मला हसू आलं नाही, कारण आमच्या इमारतीतही उघडे, लांबच लांब वॉर्ड होते आणि एका टोकाचं खोकणं दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं.

फ्रेंच सैन्याने मात्र डोकं लावलं. मुलूझ शहरातल्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी मार्च २०२० मध्ये तंबू ठोकले, फक्त ३० खाटांचे. पण तिसाच्या तीस अतिदक्षतेच्या. नेहमीचं फील्ड हॉस्पिटल उचलून आणलं असतं तर ऑपरेशन टेबलं रिकामी पडली असती. त्यांनी शस्त्रक्रिया वगळून श्वासावर भर दिला. जखमी सैनिकांसाठी केलेली विमानातली अतिदक्षता योजनाही त्यांनी वापरली आणि १८ मार्चला सहा गंभीर रुग्ण एकाच फेरीत दक्षिणेला हलवले. मागे पाठवण्याची जुनी सवय इथे कामी आली, पण रुग्ण कुठे जाणार, तिथे किती खाटा आहेत, हे आधी पक्कं करून.

आता हुकमाचं. आमच्याकडे सर्वांत अवघड काय गेलं, तर आजारी माणसाकडून 'मी आजारी आहे' एवढं वदवून घेणं.

एक हवालदार स्क्रीनिंगला आला. चालत आला, सावधान उभा राहिला. "काही नाही मॅडम, जरा कणकण आहे. युनिटने पाठवलं म्हणून आलो." बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन धोक्याइतका खाली, ८४. मला वाटलं बोट गार असेल, दुसऱ्या हाताला लावला. ८३. श्वास मोजला तर मिनिटाला तिसाच्या वर. आणि तो मला विचारतोय की संध्याकाळपर्यंत परत जाता येईल का, सोमवारी कोर्स आहे. कोर्स बुडला तर बढती लांबणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. सैनिकाला कुरकुर न करता सोसायला आपणच शिकवतो, मग त्याने लक्षण लपवलं म्हणून रागावायचं कुठल्या तोंडाने?

यावर औषध वॉर्डात नव्हतंच. ज्या युनिटच्या सीओंनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांनी, उभं राहून सांगितलं की पॉझिटिव्ह आलात तरी कोर्सची जागा राहील, तिथले जवान वेळेवर सिक रिपोर्ट करू लागले. बाकीचे उशिरा यायचे, स्ट्रेचरवरून. शिवाय ज्याला लक्षणंच नाहीत त्याचं काय? अमेरिकेच्या 'थिओडोर रूझवेल्ट' या विमानवाहू जहाजावर हजाराच्या वर खलाशी बाधित निघाले, आणि चाचणी पॉझिटिव्ह आली त्या वेळी त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नव्हतं. रोजच्या परेडमध्ये 'कोणी आजारी?' विचारून ही साथ सापडणं शक्यच नव्हतं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा सुचत नाही: हुद्दा. पीपीई, म्हणजे अंगावरचा संरक्षक पोशाख, घालताना फारसं चुकत नाही, काढताना चुकतं. माणूस थकलेला, घामाने निथळलेला, कधी एकदा सुटतोय असं झालेलं. म्हणून समोर एक जण उभा राहून पायरी-पायरीने सांगतो: आधी बाहेरचे ग्लोव्हज, हात निर्जंतुक, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत. तो निरीक्षक बहुधा नर्सिंग असिस्टंट, म्हणजे विशीतला पोरगा. आणि समोर गाऊन काढणारे साहेब ब्रिगेडियर. पोराच्या तोंडातून शब्द फुटेना. साहेबांचा हात मास्ककडे गेला तरी हा गप्प! शेवटी आमच्या कमांडंटनीच सर्वांसमोर स्वतःवर प्रयोग केला. मुद्दाम चूक केली आणि पोराला म्हणाले, "बोल." तो पुटपुटला. "मोठ्याने." मग तो ओरडला, "सर, हात तिथेच थांबवा!" त्यानंतर त्या खोलीत हुद्दा चालला नाही. आमच्याकडे झालेल्या सगळ्या बदलांत हा मला सर्वांत मोठा वाटतो. पार्टिशनं काय, कोणीही उभारतं.

ऑक्सिजनबद्दल थोडं, कारण त्याचा हिशेब केल्याशिवाय खाटांच्या आकड्यांना अर्थ नाही. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू. हाय-फ्लोवरचा, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणारा, एक रुग्ण, पूर्ण प्रवाहावर, मिनिटाला ६० लिटर ओढतो. म्हणजे सिलिंडर दोन तासही पुरत नाही. असे २० रुग्ण असले तर दिवसाला अडीचशेच्या आसपास सिलिंडर. कोण उतरवणार, कोण जोडणार, रिकामे कुठे ठेवणार? द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसवली तरी ओढ वाढली की द्रवाचा वायू करणाऱ्या तिच्या व्हेपोरायझरवर बर्फाचे थर चढतात आणि पाइपातला दाब उतरू लागतो. त्या काळात आमचा इंजिनीअरिंग विभागाचा सुभेदार डॉक्टरांच्या बरोबरीने राउंडला असायचा. तो दाब बघायचा, डॉक्टर रुग्ण. एप्रिल २०२१ मध्ये वायुदलाची सी-१७ मालवाहू विमानं ऑक्सिजनचे रिकामे टँकर घेऊन उडत होती, भरलेला टँकर विमानातून नेणं धोक्याचं म्हणून. जाताना विमानाने, येताना रस्त्याने किंवा रेल्वेने. अशी वाहतूक जुळवणं मात्र सैन्याच्या हातचा मळ. तिथे हुकूम खरंच चालतो.

मनुष्यबळाचं थोडक्यात सांगते. अस्थिरोग, कान-नाक-घसा, त्वचारोग, सगळे फुप्फुसाचे डॉक्टर झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करायला पाच-सहा जण लागतात, नळी सांभाळणारा वेगळा, आणि रुग्ण सोळाएक तास तसाच ठेवायचा. त्यासाठी बँडमधली मुलं आली. युद्धात वादक स्ट्रेचर उचलतात ही जुनी रीत आहेच. ठेका धरून रुग्ण वळवण्यात ती डॉक्टरांपेक्षा सरस निघाली, हे माझं वैयक्तिक मत.

आणखी एक. आमचे गंभीर रुग्ण बहुतांशी तरुण सैनिक नव्हतेच. निवृत्त सैनिक, त्यांच्या बायका, सेवेतल्यांचे आई-वडील. मधुमेह, रक्तदाब, वय. त्यांच्यासाठी सगळ्या खाटा द्याव्यात असं वाटणं साहजिक. पण लष्करी रुग्णालयाला तसं करता येत नाही. जून २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, गलवान घडलं आणि २० सैनिक गेले. ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी, काही सर्जन आणि काही खाटा विषाणूपासून लांब, रिकाम्या ठेवाव्याच लागतात. वॉर्डात जागा नाही म्हणून तळमळणाऱ्या नातेवाइकाला पलीकडच्या रिकाम्या खाटांचं कारण समजावणं, हे काम मला परत कधी मिळू नये.

आता पुढच्या साथीला तुम्ही तयार का, हा तुमचा दुसरा प्रश्न. भिंती, पाइप, ऑक्सिजन प्लांट आहेत. माणसांचं सांगता येत नाही, कारण सैन्यात दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. ज्यांनी ते वॉर्ड चालवले ते आता चहूकडे पांगलेत, काही निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी तो काळ कॉलेजात काढला. आगीची ड्रिल ठरल्या वेळी होते, कारण तिचं रजिस्टर तपासलं जातं. जुन्या सहकाऱ्याचा फोन आला की मी आधी विचारते, पीपीई उतरवायची ड्रिल कोणी घेतंय का, आणि तो पोरगा साहेबांवर अजून ओरडतो का. काही ठिकाणी घेतात. काही ठिकाणी किट गोदामात आहे म्हणतात.